एवढा गोंगाट, आणि समीक्षक खूश? फाटक्या गिटारच्या अल्बमचं परीक्षण कसं वाचायचं

मे महिन्यातली दुपार. नागपुरात पारा पंचेचाळीसवर, खिडकीत कूलर घरघरतोय आणि सुट्टीला आलेला भाचा माझ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला फोन जोडून बसलाय. त्याने काहीतरी लावलं. गाणं सुरूच होईना. नुसती एक किंचाळी, लांबच लांब, वरखाली होणारी. मिनिटभराने ढोल-गिटार एकदम कोसळले. तेवढ्यात शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ओरडल्या, "काहो भाऊ, मिक्सर बिघडला काय? माझावाला घेऊन जा!"

मिक्सर बिघडला नव्हता. तो 'स्लॉटरहाउस' नावाचा अल्बम होता, टाय सेगल बँडचा, २०१२ सालचा. भाच्याने मला फोनवर परीक्षणं दाखवली. जिकडेतिकडे कौतुक. मी म्हटलं, "अबे, हे लोक ऐकून लिहितात की न ऐकता?" तर तो म्हणाला, "मामा, हे असंच असते." एवढ्याने माझं समाधान होण्यासारखं नव्हतं. मी बँकेतला माणूस. पण कॉलेजात असताना गणपतीच्या मंडपांत माइक-भोंगे लावणाऱ्या एका मित्राबरोबर तारा ओढल्या आहेत, आणि आवाज फाटला की शिव्या आम्हीच खाल्ल्या आहेत. ज्या फाटक्या आवाजासाठी आम्हाला मंडळाच्या अध्यक्षांनी झापलं, त्याच आवाजाला तिकडे चांगले गुण कसे मिळतात, हे मला समजून घ्यायचंच होतं. पुढे जे लिहिलंय ते त्यातून निघालेलं.

नावाची फोड

अशा अल्बमला 'सायकेडेलिक गॅरेज रॉक' म्हणतात. तीन शब्द आहेत, तिन्ही सोपे.

रॉक आपल्याला माहीत आहे. गॅरेज म्हणजे अक्षरशः मोटारीचं गॅरेज. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनी घरच्या गॅरेजमध्ये बँड काढले. वाद्यं स्वस्तातली, शिक्षण शून्य, उत्साह भरपूर. किंग्जमेन या बँडने १९६३ साली पोर्टलंडमध्ये 'लुई लुई' ध्वनिमुद्रित केलं तेव्हा गायकाचा माइक वर छताजवळ टांगला होता, म्हणे. बिचारा मान वर करून ओरडत होता. शब्द इतके अस्पष्ट आले की पालकांना वाटलं गाण्यात काहीतरी अश्लील आहे. तक्रारी झाल्या, आणि खरंच एफबीआयने तपास केला. बराच काळ ती तबकडी वेगवेगळ्या गतीने वाजवून पाहिल्यावर त्यांचा निष्कर्ष काय, तर शब्द समजत नाहीत! आजवर कुठल्याही समीक्षकाने इतकं लक्ष देऊन ते गाणं ऐकलं नसेल.

'सायकेडेलिक' हा शब्द मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांनी १९५६ साली घडवला. ग्रीक मुळांवरून त्याचा अर्थ 'मनातलं उघड करणारं'. तो आला मादक द्रव्यांच्या संदर्भात, पण संगीतात त्याचा अर्थ हळूहळू असा झाला की ऐकताना वेळेचं आणि जागेचं भान थोडं सुटावं. एकच सूर लांबत राहणं, प्रतिध्वनी, उलटा वाजवलेला आवाज, त्याच त्या तुकड्याची आवर्तनं. टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स या बँडने १९६६ साली आपल्या पहिल्याच अल्बमच्या नावात हा शब्द वापरला. त्यांच्याकडे एक गडी रिकाम्या मडक्याच्या तोंडाशी माइक धरून त्यात तोंडाने 'डुगुडुगु' करायचा. घटम वाजवणाऱ्याने मडक्यावर थाप मारण्याऐवजी त्याच्यात बोलायला घ्यावं, तसं काहीतरी.

नागपूरकराला सायकेडेलिक म्हणजे काय हे खरं तर शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात रात्री अंथरुणावर पडून कूलरचा घरघराट ऐकत राहा. दहा मिनिटांनी त्यात भजन ऐकू येतं, कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं, एखाद्या जुन्या गाण्याची चाल फिरायला लागते. कूलर तोच असतो. एकसुरी आवाजात कान आपला आपण नक्षी काढतो. या जातीचं संगीत नेमकी ही सवय धरून चालतं.

फाटका आवाज म्हणजे नेमकं काय फाटतं?

इथे थोडं थांबायला हवं, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

आजोळी धान्य पायलीने मोजायचे. पायली शिगेला भरायची, वर छान गोल ढीग व्हायचा, मग मापाड्या कडेवरून फळी फिरवायचा आणि शीग सपाट व्हायची. गिटारच्या तारेतून निघालेली ध्वनिलहर अशीच गोल ढिगासारखी असते. अ‍ॅम्प्लिफायर तिला मोठी करतो, पण त्यालाही कड असते. त्या कडेच्या वर लहर ढकलली की डोकं कापलं जातं आणि लहर सपाट होते. हाच 'फाटलेला' आवाज. इंग्रजी परीक्षणांत त्यालाच डिस्टॉर्शन म्हणतात, आणि त्यातल्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दाट गुणगुणीच्या प्रकाराला फझ.

पायलीतले सांडलेले दाणे जमिनीवर पडतात. आवाजात मात्र ते वाया जात नाहीत. लहर सपाट झाली की मूळ सुराच्या पटीतले नवे सूर तयार होतात. गिटारची एक जाड तार सेकंदाला ११० वेळा कंप पावते. ती फाटली की ११० बरोबर ३३०, ५५० असे वरचे स्वर तिच्यात उगवतात. म्हणून फाटका आवाज नुसता मोठा लागत नाही, तो भरलेला लागतो. तारही जास्त वेळ गात राहते.

आता गंमत पाहा. हे आपल्याकडे कित्येक पिढ्या चालत आलंय. नागपूरच्या महाल भागात माझी आत्या राहायची. तिचा तानपुरा होता, मिरजेचा. ती बसली की आधी दहा मिनिटं नुसती तारांखालच्या दोऱ्यांशी खेळायची. घोडीवर, तारेच्या खाली एक बारीक सुती दोरा असतो, त्याला 'जीव' म्हणतात. आत्या नखाने तो केसभर पुढे सारायची, तार छेडायची, मान हलवायची, परत केसभर मागे. एका क्षणी तार एकदम झणझणायला लागायची आणि सगळी खोली भरून जायची. "उघडली जवारी," म्हणायची ती. ती झणझण कशाने होते? तार घोडीच्या उतरत्या पाठीला किंचित घासते. साध्या भाषेत सांगायचं तर तारेला अडथळा आणलाय. स्वच्छ सुराला मुद्दाम करकर लावलीये, कारण त्या करकरीतून वरचे स्वर बाहेर पडतात. दोन्हींची यंत्रणा वेगळी आहे, हे कबूल. पण हेतू एकच. आणि जवारी बंद असलेल्या तानपुऱ्याला आपण 'स्वच्छ' म्हणत नाही, 'मेलेला' म्हणतो.

गिटारच्या जगात ही जवारी अपघाताने सापडली. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ साली आलेल्या 'डोन्ट वरी' या गाण्याच्या वेळी स्टुडिओतल्या मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनेल बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा आवाज डास अडकल्यासारखा गुणगुणायला लागला. ते तसंच ठेवलं गेलं. ध्वनिअभियंता ग्लेन स्नॉडी यांनी मग तो बिघाड मुद्दाम करता येईल अशी डबी बनवली, आणि १९६२ साली गिब्सन कंपनीने ती मेस्ट्रो फझ-टोन नावाने बाजारात आणली. त्याही आधी लिंक रे यांनी १९५८ च्या 'रंबल'साठी स्पीकरच्या कागदाला भोकं पाडली होती, आणि १९६४ साली किंक्सच्या डेव्ह डेव्हिस यांनी ब्लेडने आपला स्पीकर कापला. रोलिंग स्टोन्सचं १९६५ चं 'सॅटिस्फॅक्शन' तर गाजलंच. त्यातला तो गुणगुणता तुकडा कीथ रिचर्ड्स यांनी फक्त कच्चा आराखडा म्हणून वाजवला होता, तिथे पुढे ब्रास वाद्यं घालायची होती. कच्चंच छापलं गेलं.

"हे तर दोनच सूर वाजवतात, कोणीही वाजवेल"

भाच्यावर मी हाच पहिला आक्षेप घेतला होता. याचं उत्तर मला फार आवडलं, कारण ते अंकगणितात आहे.

फाटक्या आवाजात एकापेक्षा जास्त सूर एकत्र टाकले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकू येतात. चार-पाच सुरांचा भरगच्च कॉर्ड वाजवला तर इतक्या बेरजा-वजाबाक्या होतात की नुसता चिखल उरतो. म्हणून हे वादक बहुतेक वेळा दोनच सूर धरतात, आणि ते दोन म्हणजे सा आणि प. सा ११० धरला तर प १६५. वजाबाकी किती? ५५. म्हणजे खालच्या सप्तकातला सा! तो कुणी वाजवलेलाच नसतो, पण ऐकू येतो. तानपुऱ्याच्या चार तारांत सा आणि प का असतात, याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तेव्हा दोनच सूर हा बहुतेक वेळा आळस नसतो, त्या चिखलात बुडू नये म्हणून केलेली निवड असते. (कधीकधी आळसही असतो. तो ओळखायचं काम समीक्षकाचं.)

आणि ती सुरुवातीची किंचाळी? तिला फीडबॅक म्हणतात. लग्नाच्या हॉलमध्ये माइकवाला भोंग्यासमोर आला की 'कुंईऽऽ' होतं तेच. आवाज भोंग्यातून माइकमध्ये, माइकमधून परत भोंग्यात, असा गोल फिरत वाढतो. आम्ही मंडपात ते होऊ नये म्हणून जीव टाकायचो. गिटारवाला मात्र भोंग्यासमोर उभा राहून, एक पाऊल मागे एक पुढे करत, त्या किंचाळीचा सूर बदलतो. मी हे घरी करून पाहिलं. एका पावलाने खरंच सूर बदलतो. शेजारच्या काकूंनी यावेळी मिक्सरबद्दल विचारलं नाही, नुसती खिडकी लावून घेतली.

'मोठा आवाज' म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी

परीक्षणात 'लाउड' हा शब्द आला की वाचक गोंधळतो, कारण तो दोन अर्थांनी वापरतात.

पहिला अर्थ वाजवण्याचा. बँड अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण पिळून वाजवतोय, कातडं फुटेल असे ड्रम बडवतोय. हा आवाज तुम्ही हळू करून ऐकलात तरी 'मोठा'च लागतो. कुणी दूर मैदानात ओरडत असेल तर आवाज बारीक येतो, पण तो ओरडतोय हे कळतंच ना, तसं.

दुसरा अर्थ सीडी किंवा फाइल बनवण्याचा. गाण्यातला हळू भाग उचलून मोठ्याच्या पातळीला आणायचा, याला कॉम्प्रेशन म्हणतात. थोडं सगळेच करतात. पण नव्वदच्या दशकात कंपन्यांत चढाओढ लागली की आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजलं पाहिजे. मेटालिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' २००८ साली आला तेव्हा खुद्द चाहत्यांनी तक्रार केली की सगळं चेपून टाकलंय. 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेमसाठी दिलेली तीच गाणी जास्त मोकळी वाजत होती! स्टूजेस या बँडचा १९७३ चा 'रॉ पॉवर' त्यांचे गायक इगी पॉप यांनी १९९७ साली स्वतः पुन्हा मिक्स केला आणि तो इतका चेपला की सर्वांत मोठ्या आवाजाच्या सीडींत त्याची गणना झाली. काहींना तो आवडतो. मला नाही, दोन गाण्यांनंतर डोकं दुखतं.

समीक्षक पहिल्या 'मोठ्या'ला दाद देतो आणि दुसऱ्याला बहुधा झोडतो. शब्द मात्र दोन्हीकडे तोच. त्यामुळे कौतुक चाललंय की तक्रार, हे मागचंपुढचं वाक्य वाचूनच ठरवायचं. सावजीत तिखट असणं वेगळं आणि मसाला करपल्यामुळे जीभ भाजणं वेगळं. जेवणारा दोन्हीकडे "हाऽऽ" एवढंच म्हणतो.

मग समीक्षक मोजतो काय?

सगळ्यात आधी तो पाहतो की या गोंगाटाखाली गाणं आहे का. 'स्लॉटरहाउस'ला जी दाद मिळाली तिचं मुख्य कारण मला हेच वाटतं. अकरा गाणी आहेत, त्यातली बरीचशी तीन मिनिटांच्या आसपास, आणि 'टेल मी व्हॉट्स इनसाइड युअर हार्ट' सारख्या गाण्याची चाल इतकी गोड आहे की गिटार काढून हार्मोनियमवर वाजवली तरी टिकेल. मी वाजवून पाहिली. टिकते.

दुसरं, गोंगाट ताब्यात आहे का. हे ओळखायला ड्रम ऐका. एमिली रोझ एपस्टाइन ही ड्रमवाली अख्ख्या अल्बमभर ठेका सोडत नाही. वर दोन गिटार कितीही उधळल्या तरी खाली मिकाल क्रोनिनचा बास आणि तिचा ठेका जमीन धरून असतात. सेगलने त्याआधीचं बरंचसं काम एकट्याने केलं होतं. बरोबर फिरणाऱ्या बँडला घेऊन केलेला हा त्याचा पहिला अल्बम, आणि चौघं एकत्र वाजवताहेत हे ऐकू येतं. एकट्याने थर चढवलेला गोंगाट आणि चौघांनी एकमेकांकडे बघत केलेला गोंगाट, यांत फरक असतो. तो शब्दांत पकडणं कठीण आहे, पण भजनी मंडळात बसलेल्या कुणालाही तो कळेल.

तिसरं, जागा. हा कलाकार आधी काय करून बसलाय आणि या घराण्यात कुठे उभा आहे. सेगलचे त्या एका वर्षात तीन अल्बम आले: एप्रिलमध्ये व्हाइट फेन्सबरोबरचा मवाळ 'हेअर', जूनमध्ये 'स्लॉटरहाउस', ऑक्टोबरमध्ये 'ट्विन्स'. मऊ अल्बमनंतर दोन महिन्यांत हा हातोडा आला, म्हणून त्याचा घाव जास्त जाणवला. परीक्षणांत स्टूजेसचं, ब्लॅक सॅबथचं नाव येतं ते यासाठी. आपल्याकडे 'किराणा घराण्याची आलापी' म्हटलं की जाणकाराला अर्धी गोष्ट कळते, नवख्याला काहीच कळत नाही. ही नावं म्हणजे घराण्यांची नावं, असं समजून वाचा.

राहता राहिली नुसती विशेषणं. 'रॉ' म्हणजे फारसं सजवलेलं नाही. 'लो-फाय' म्हणजे ध्वनिमुद्रण साधं किंवा मुद्दाम मळकट. 'प्रायमल' लिहिलं असेल तर समीक्षकाला त्या दिवशी दुसरा शब्द सुचला नव्हता.

"पण हा नुसता गोंगाटच आहे ना?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपूरच्या इतवारीत उभे राहा. इडापिडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, म्हणजे मारबती, तिथून निघतात. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. दोघी वाजतगाजत निघतात, मध्ये बडगे (लोकांना छळणाऱ्यांच्या नावाने काढलेले पुतळे), ढोल-ताशे, पिपाण्या, आणि हजारो गळ्यांतून "घेऊन जा गे मारबत!" बाहेरगावचा पाहुणा कानावर हात ठेवतो. आपल्याला मात्र त्याच कल्लोळात कळतं की पिवळी अजून लांब आहे, नेहरू पुतळ्याजवळ गर्दी थांबलीये, आता कुणाच्या नावाचा बडगा आला. गोंगाट एकच; आपण आत आहोत आणि तो बाहेर. आणि समजा एखाद्या वर्षी मारबत हळू आवाजात, शिस्तीत, खुर्च्या मांडून काढली, तर इडापिडा जाईल असं कुणाला वाटेल का?

अर्थात म्हणून पाहुण्याला बाहेरचा म्हणून हिणवायचं नाही. त्याचे कान खरंच दुखत असतात.

समीक्षकही आधी कानावर हात ठेवतात

या प्रकारच्या संगीताला सुरुवातीपासून दाद मिळाली असं अजिबात नाही. ब्लू चीअर या सॅन फ्रान्सिस्कोच्या त्रिकुटाचा कानठळ्या बसवणारा पहिला अल्बम १९६८ साली अमेरिकी यादीत अकराव्या क्रमांकापर्यंत गेला. पण त्याच वर्षी आलेला व्हेल्वेट अंडरग्राउंडचा 'व्हाइट लाइट/व्हाइट हीट' कसाबसा १९९ व्या क्रमांकाला टेकला. त्यात 'सिस्टर रे' हे सतरा मिनिटांचं गाणं आहे. ते वाजत असताना ध्वनिअभियंता खोलीतून उठून गेला, असं बँडचे गायक लू रीड सांगत.

सगळ्यात बोलकी गोष्ट लेस्टर बँग्ज यांची. एप्रिल १९६९ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकात या तरुण समीक्षकाने एमसी फाइव्हच्या 'किक आउट द जॅम्स'ची सालटी काढली. डेट्रॉइटच्या ग्रँडी बॉलरूममध्ये प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित केलेला तो अल्बम त्यांना पोकळ गर्जना वाटला. काही काळाने त्यांनीच मत फिरवलं आणि या बँडचे ते मोठे चाहते झाले. १९७० साली स्टूजेसचा 'फन हाउस' आला, विकला गेला नाही, आणि याच बँग्ज यांनी 'क्रीम' मासिकात त्याच्या बाजूने भलामोठा निबंध लिहिला. गंमत म्हणजे 'फन हाउस'चे निर्माते डॉन गलुची हे 'लुई लुई' वाजवणाऱ्या किंग्जमेनचे की-बोर्डवाले. फिरून गॅरेजच! १९९९ साली त्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाच्या सगळ्या टेप, चुकलेल्या सुरुवातींसकट, सात सीडींच्या संचात विकायला काढल्या गेल्या. ज्या अल्बमला गिऱ्हाईक नव्हतं त्याचा केरकचराही लोकांनी जपला.

मधल्या काळात एक काम झालं. १९७२ साली लेनी के यांनी 'नगेट्स' नावाचा दुहेरी संग्रह काढला: १९६५ ते ६८ मधल्या विसरलेल्या गॅरेज बँडची सत्तावीस गाणी. एकेकटी ऐकली तर पोरखेळ वाटणारी ती गाणी ओळीने ऐकल्यावर लोकांना एक परंपरा दिसली. आणि परंपरा दिसली की तिच्यात नव्याला बसवायला जागा मिळते. २०१२ च्या समीक्षकाकडे ती जागा तयार होती, १९६८ च्या समीक्षकाकडे नव्हती.

"म्हणजे आता ते घाबरून गुण देतात?"

थोडंफार, हो. हे माझं मत आहे, कुणी वाद घालू शकतं. ज्या परंपरेत सगळ्यांत मोठे अल्बम आधी धुडकावले गेले, तिथे नव्या समीक्षकाला धाक असतो की आपणही उद्या चुकीच्या बाजूला सापडू. मग फाटका आवाज ऐकला की कमी गुण द्यायला हात कचरतो. त्यातून काही साधारण अल्बमही तरून जातात. बँकेत आम्ही याला 'वरच्या साहेबाच्या पुतण्याची फाइल' म्हणायचो.

पण सरसकट असं होत नाही, याचा पुरावाही गॅरेजमधूनच मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या जेट या बँडने गॅरेज रॉकचा जुना साचा घेऊन नाव कमावलं. त्यांच्या २००६ च्या 'शाइन ऑन'ला 'पिचफोर्क' या संगीत-परीक्षणाच्या संकेतस्थळाने दहापैकी ०.० दिले आणि परीक्षणाच्या जागी एक शब्दही न लिहिता फक्त एका माकडाचा व्हिडिओ लावला, जो काय करत होता ते इथे सांगण्यासारखं नाही. मला तो प्रकार आवडला नाही. शून्य द्यायचं असेल तर चार ओळी लिहाव्यात. पण एवढं कळलं की साचा तोच असूनही गुण आपोआप मिळत नाहीत.

तो आकडा कुठून येतो

'पिचफोर्क' शून्य ते दहा असे, दशांशासह गुण देतं. कुणी तारे देतं, कुणी अ-ब-क अशी श्रेणी. २००१ साली सुरू झालेलं 'मेटाक्रिटिक' हे संकेतस्थळ या सगळ्यांचं शंभरात रूपांतर करून सरासरी काढतं, आणि काही प्रकाशनांना जास्त वजन देतं. कुणाला किती, ते सांगत नाही. ८१ किंवा त्याच्या वर गेलं की 'सर्वत्र वाहवा' असा शिक्का बसतो.

आता सरासरीची अडचण अशी. दहा जणांनी प्रत्येकी ८० दिले तरी सरासरी ८०, आणि पाच जणांनी १०० व पाच जणांनी ६० दिले तरी ८०. पहिला अल्बम सगळ्यांना बरा वाटलाय. दुसऱ्यावरून भांडणं झालीत. गोंगाटी अल्बम बहुतेक दुसऱ्या जातीचे. म्हणून अशा अल्बमचा आकडा पाहून काही कळत नाही. एक खूश आणि एक वैतागलेला, असे दोन परीक्षक शोधून वाचावेत. वैतागलेल्याने ज्या गोष्टीबद्दल तक्रार केलीये ("चाल नाही, सगळं एकसारखं") ती गोष्ट तुम्हालाही खटकते का, एवढं बघायचं. मला खूश परीक्षकापेक्षा वैतागलेल्याचाच उपयोग जास्त झालाय.

आणि ऐकून आवडलं नाही तर? तर नाही आवडलं. शंभरात नव्वद मिळालेला अल्बम न आवडणं म्हणजे नापास होणं नव्हे.

ऐकायचंच असेल तर

कानांचा हिशोब आधी सांगतो. ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास, ही कामाच्या जागेची मान्य मर्यादा. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. हेडफोन पूर्ण वाढवला तर १०० गाठणं अवघड नाही. वर म्हटलं तसं, या बँडचा 'मोठेपणा' वाजवण्यात आहे, बटणात नाही. अर्ध्यावर ठेवलं तरी तो पोचतो. आणि रात्री दहानंतर भोंगा लावला तर मग प्रश्न समीक्षेचा राहत नाही, ठाण्याचा होतो.

पहिल्या गाण्यापासून सुरू करू नका, त्या किंचाळीने घरचे उठून बसतील. 'टेल मी व्हॉट्स इनसाइड युअर हार्ट' आधी ऐका, दोनदा. पहिल्यांदा फक्त गाण्याकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा फक्त ड्रमकडे. मग सुरुवातीला या. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका; त्यात बास येतच नाही, नुसती करकर उरते, आणि मग काकूंचं निदान बरोबर ठरतं.

शेवटी 'फझ वॉर' नावाचा दहा मिनिटांचा तुकडा आहे. ना ठेका ना चाल, नुसता वितळलेला आवाज. काहींच्या मते तोच अल्बमचा कळस, काहींच्या मते उरलेली जागा भरलेली. मी अजून मधोमध आहे. पहिल्यांदा तर मी तो तसाच सोडून दिला आणि भाच्याला "भारी आहे" म्हणून सांगितलं. तुम्हीही सोडलात तरी चालेल.